दाई, कुही

चूक माझीच होती, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढं कोणी मला भला माणूस समजायला नको.

मी मनोहरराव, ‘दैनिक धुरा’चा उपसंपादक. नागपुरात गांधीबागेतल्या एका बोळात आमचा छापखाना होता आणि वरच्या मजल्यावर संपादकीय विभाग. विभाग म्हणजे चार टेबलं, एक पंखा आणि एक लोखंडी कपाट. या कपाटात ब्लॉक असत. त्या काळी फोटो छापायचा तर जस्ताच्या पत्र्यावर त्याचा ब्लॉक करून घ्यावा लागे. तो लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा, मग शिशाच्या अक्षर-खिळ्यांनी जुळवलेल्या मजकुरात बसवायचा. आमच्यासारख्या पेपरला ही चैनच होती, म्हणून एकदा केलेला ब्लॉक आम्ही कधी टाकत नसू. आमदार बोलला की तोच ब्लॉक, आमदार पडला तरी तोच, आणि वारला की भोवती काळी चौकट घालून तोच. एका आमदाराचे केस गेले, दात गेले, पक्ष दोनदा बदलला, पण आमच्या पेपरात तो बावीस वर्षं काळ्याभोर केसांचा तरुणच राहिला.

ब्लॉक कागदात गुंडाळून वर नाव लिहायचं काम माझं. मोठ्या माणसांच्या पुडीवर मी नाव लिहीत असे. लहान माणसांची नावं पुन्हा कोण शोधणार? त्यांच्या पुडीवर मी धंदा आणि गाव लिही. ‘पैलवान, उमरेड’. ‘कीर्तनकार, काटोल’. ‘दाई, कुही’. या पद्धतीचा मला भारी अभिमान होता. हवा तो ब्लॉक अर्ध्या मिनिटात काढून देतो, असं मी नव्या माणसांना ऐकवत असे.

१९८१ च्या जुलैत कुहीचे आमचे वार्ताहर रुपराव यांनी एसटीच्या कंडक्टरच्या हाती बातमी पाठवली. नवजात मूल विकल्याच्या संशयावरून तालुक्यातल्या एका दाईला अटक झाली होती. पोलिसांनी नाव दिलं नव्हतं. पहिलं पान लागतच आलं होतं आणि बातमीशेजारी तळहाताएवढी जागा उरली होती. “फोटो हाये का जी?” खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं विचारलं. मी कपाट उघडलं, ‘दाई, कुही’ लिहिलेली पुडी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. अर्धं मिनिटही लागलं नाही. रुपरावांनीच मागं कधीतरी तिचा फोटो पाठवला असेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे तरी काय, मी विचारच केला नव्हता.

आठव्या दिवशी दुपारी एक बाई आणि तिचा नवरा जिना चढून वर आले. नवऱ्याच्या हातात आमचाच पेपर होता, चार घड्या घातलेला. त्यानं तो माझ्या टेबलावर उलगडला. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला आणि फोटोच्या शेजारी, टेबलाला टेकून, नुसता आपला चेहरा आणला.

मी फोटोकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. फोटोतही तीन, समोरही तीन.

“मी गोपिका,” ती म्हणाली. “कुहीजवळच्या खैरबोडीची. मले कोनी धरलं नाई जी. मी घरीच होती.”

नवऱ्याचं नाव ताराचंद. त्यानं पिशवीतून दुसरा एक पेपर काढला, दोन वर्षांपूर्वीचा, तोही ‘धुरा’च. ‘कुही आरोग्य केंद्रात दाई प्रशिक्षण, गोपिकाबाई पहिल्या.’ तोच फोटो. त्या बातमीचं प्रूफ मीच वाचलं होतं. पुडी मीच बांधली होती आणि इतकं सुबक नाव समोर असताना तिच्यावर ‘दाई, कुही’ असं लिहिलं होतं.

“हा आमी देव्हाऱ्यात ठेवला होता,” ताराचंद म्हणाला. “अन् हा दुसरा आता गावभर फिरून राहिला. गावात वाचता कोनाले येते? पाच-सहा जनाले. बाकीच्यायनं फोटो पाह्यला. शेजारी पोलिसाच्या गाडीचं चित्र हाये. झालं.”

ते पोलिसाच्या गाडीचं चित्रही आमच्या कपाटातलंच. दर अटकेला आम्ही तेच वापरत असू.

मी त्यांना संपादकांकडं नेलं. चंपतराव आमचे संपादक आणि मालकही. माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टीत मालकाला वाईट ठरवलं की आपली सुटका होते. त्यांनी दोघांना बसवलं, चहा मागवला, पेपर पाहिला आणि कपाळाला हात लावला. “उद्याच खुलासा छापतो,” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात शेजारी बसलेले आमचे वकील ओमप्रकाश खाकरले. चंपतरावांनी तोंड मिटलं.

त्यामागचं कारण सांगायला हवं. दिल्लीत प्रेस कौन्सिल आहे. सत्तेनं पेपरची गळचेपी केली तर पेपरनं तिथं जायचं, आणि पेपरनं कोणाला नाडलं तर त्या माणसानं तिथंच जायचं. आणीबाणीत ते मोडीत काढलं होतं, पुढं पुन्हा उभं राहिलं. त्याला कोणाला तुरुंगात टाकता येत नाही की दंड करता येत नाही. कोण बरोबर आणि कोण चूक एवढं ते सांगतं, आणि ‘हे तुमच्या पेपरात छापा’ म्हणतं. बस्स. पण इज्जतदार पेपरवाल्याला तेवढंही पुरतं.

त्या कौन्सिलकडं आमची स्वतःची तक्रार पडून होती. विहिरींच्या कामात एका सरकारी खात्यानं कागदावरच विहिरी खोदल्याचं ‘धुरा’नं उघड केलं होतं, आणि त्या खात्यानं आमच्या जाहिराती बंद करून टाकल्या होत्या. पेपर रडतखडत चालला होता. सुनावणी कधीही लागणार होती.

“आता चूक कबूल केली,” वकील हलक्या आवाजात म्हणाले, “तर समोरची पार्टी हाच कागद नाचवेल. हे पाहा बेजबाबदार लोक, यांच्या विहिरीपण अशाच असतील. चंपतरावजी, सुनावणी होईस्तोवर एक अक्षर नाही.”

चंपतराव खिडकीकडं पाहत राहिले. मग गोपिकेला म्हणाले, “बाई, चौकशी करतो. तुम्ही या.” ‘या’ म्हणजे ‘जा’, हे तिलाही समजलं. दोघं गेल्यावर मला म्हणाले, “मनोहरराव, तो ब्लॉक मोडीत काढा.”

मी तो घरी नेला. सक्करदऱ्याच्या घरी, माझ्या कपड्यांच्या पेटीत, तळाशी ठेवला. का ते विचारू नका. माझ्या हातानं टाकवेना, एवढंच.

पंधरा दिवसांनी ताराचंद एकटाच आला. वर न येता खाली दाराशी उभा राहिला आणि मला बोलावून घेतलं. पावसानं ओला झाला होता. मी म्हटलं, वर चला. तो नाही म्हणाला.

“जयवंता मेली,” तो म्हणाला.

मला कळेना, कोण जयवंता.

“प्रयागबाईची सून. आमच्या घराच्या मांगच राह्यते. पयलं बाळंतपन होतं. दिवसभर कळा देऊन राहिली होती. तिच्या नवऱ्यानं दोनदा चपला घातल्या, गोपिकेले आनतो म्हणून. प्रयागबाई दारात आडवी झाली. लेकरं इकनारीले माया घरात नाई आनू देनार म्हने. मंग बैलगाडीत घालून कुहीले निघाले. नाल्याले पूर. गाडी तिथंच अडकली. लेकरू आडवं होतं. गोपिकेनं असे तीन फिरवले होते जी. तिले येते ते. ती घरात बसून आयकत होती, आमच्या भिंतीतून आवाज येते. मी तिले धरून ठेवलं, जाशीन तर मारतीन तुले म्हणलं. दोघंही गेले. जयवंताही, लेकरूही.”

आत यंत्र सुरू होतं आणि उद्याचा पेपर छापून पडत होता. ओळ गळली, नाव चुकलं, की दुसऱ्या दिवशी ‘दिलगीर आहोत’, एवढीच चुकीची किंमत मला तीस वर्षांत ठाऊक होती. चुकीनं माणूस मरतो हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

“तुमी भले मानूस दिसले त्या दिवशी,” ताराचंद म्हणाला. “आता कुठं जावं आमी, सांगा.”

मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की ब्लॉक मी काढला. सांगितलं नाही. मी त्याला चहाच्या टपरीवर नेलं आणि प्रेस कौन्सिलबद्दल सांगितलं. आमची स्वतःची तक्रार मीच लिहिली होती, त्यामुळं सगळे नियम तोंडपाठ होते. आधी संपादकाला पत्र लिहायचं. त्याच्या उत्तराची वाट पाहायची. मग कात्रण जोडून दिल्लीला अर्ज, आणि कोर्टात खटला नाही असं लिहून द्यायचं. ताराचंद म्हणाला, मले कुठं लिवता येते? मग मीच लिहिलं. खाली गोपिकेचा अंगठा.

आता यातली गंमत पाहा. गंमत म्हणजे माझी थट्टाच. गोपिकेचं पत्र टपालानं ऑफिसात आलं ते माझ्याच टेबलावर, कारण पत्रव्यवहार माझ्याकडं. चंपतरावांनी ते वाचलं आणि म्हणाले, वकील सांगतात तसं उत्तर लिहा. मी लिहिलं. ‘आपल्या पत्रातील आरोप निराधार असून…’ माझ्याच पत्राला माझंच उत्तर, आणि दोन्ही चांगली लिहिली होती. आपल्या भाषेचा मला त्या दिवशी जेवढा संताप आला तेवढा कधी आला नव्हता.

डिसेंबरात कौन्सिलची चौकशी समिती नागपुरात बसली. सकाळी आमची तक्रार, दुपारी आमच्यावरची. सरकारी विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात लांब टेबल, मागं समितीचे पाच सदस्य. सकाळी चंपतराव असे बोलले की माझ्याही अंगावर काटा आला. “आमच्या जाहिराती थांबवल्या, त्याचं आम्हाला दुःख नाही,” ते म्हणाले. “पण लोकांना खरं कळू नये म्हणून त्या थांबवल्या, त्याचं आहे. वाचकाला खरं सांगता येत नसेल तर मी उद्या छापखान्याला कुलूप लावीन.” समितीतले एक पिकल्या केसांचे गृहस्थ मान डोलवत होते. त्या खात्याच्या अधिकाऱ्याला धड उत्तर देता आलं नाही. आम्ही जिंकलो हे तिथंच दिसत होतं.

मग जेवणाची सुट्टी, आणि त्याच खुर्चीवर चंपतराव पुन्हा बसले, आता आरोपी म्हणून. समोर गोपिका आणि ताराचंद जमिनीवर बसले होते. पिकल्या केसांच्या गृहस्थांनी त्यांना उठवून खुर्च्या दिल्या. त्यांना मराठी येत होतं.

ओमप्रकाश वकील उभे राहिले. बातमीत कुठंच गोपिकेचं नाव नाही. फोटो पुसट आहे. असं गोंदण तर खेड्यात घरोघरी असतं. “अशा दिसणाऱ्या हजार बाया दाखवतो,” ते म्हणाले.

“मंग त्या हजार घरी काहून नाई लोकायनं दगड मारले?” गोपिका बसल्या जागेवरून म्हणाली. “मायाच घरी काहून मारले?”

मग पिकल्या केसांच्या गृहस्थांनी चंपतरावांना विचारलं, “हा फोटो कुणाचा म्हणून छापला तुम्ही?”

“रोज शेकडो गोष्टी छापतो साहेब. नक्की सांगता यायचं नाही.”

“तुमच्याकडं कोणाला सांगता येईल?”

चंपतरावांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सकाळी कुलूप लावीन म्हणणारा माणूस टेबलावरच्या पेल्याकडं पाहत होता. त्यांनी ‘सांगता येईल’ म्हटलं असतं तर पेपर अडकत होता, ‘नाही’ म्हटलं असतं तर ते स्वतः अडकत होते. त्यांची कीव आली. आणि मग मला एकदम स्वतःचाच राग आला. मी उठलो. सकाळी घरून निघताना पेटीतून पिशवीत टाकलेली पुडी काढून टेबलावर ठेवली.

“हा तो ब्लॉक,” मी म्हणालो. “वरचं अक्षर माझं आहे. पान लावताना मी काढून दिला. कुणाचा आहे ते पाहिलं नाही.”

पिकल्या केसांच्या गृहस्थांनी कागद सोडला आणि वरची अक्षरं मोठ्यानं वाचली. “दाई, कुही.” पुन्हा एकदा वाचली. “हिला नाव नव्हतं का?”

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गोपिका उभी होती.

“तुमी?” ती म्हणाली. “तुमीच केलं? अन् अर्जही तुमीच लिवला?” तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती चकित झाली होती, दिवसाढवळ्या कोणी अंगणातून काही उचलून नेताना दिसावं तशी. “मी घरी तुमच्या नावानं दिवा लावला जी,” ती म्हणाली, आणि ताराचंदाची वाट न पाहता बाहेर निघून गेली.

परतताना चंपतराव रिक्षात एकच वाक्य बोलले. “उद्यापासून ब्लॉकच्या कपाटाला हात लावायचा नाही.” नोकरीवरून काढतील असं मला वाटलं होतं. काढलं नाही. कदाचित त्यांनाही त्या पेल्याची आठवण येत असावी.

मार्चमध्ये दिल्लीहून दोन लिफाफे एकाच टपालानं आले. पहिल्यात लिहिलं होतं की जाहिराती बंद करणं हा वृत्तपत्राच्या स्वातंत्र्यावर घाला आहे. दुसऱ्यात लिहिलं होतं की ‘धुरा’नं एका निरपराध बाईची अक्षम्य बदनामी केली, चूक कळल्यावरही ती सुधारली नाही, म्हणून कौन्सिल या पेपरची कडक शब्दांत निंदा करतं, आणि हा निर्णय पेपरनं ठळकपणे छापावा. ओमप्रकाश वकील म्हणाले, दुसरा आतल्या पानावर टाका, बाजारभावाच्या खाली. चंपतराव पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. “दोन्ही पहिल्या पानावर! सारख्याच मथळ्यात. आणि नवा ब्लॉक करून बाईचा फोटो तेवढाच मोठा, तिथंच, नावासकट.” मला वाटलं, चला, मिटलं.

चार दिवसांनी रुपरावांचं पत्र आलं. ‘खैरबोडीत आपला अंक पोचला. गोपिकाबाईचा फोटो पुन्हा पहिल्या पानावर पाहून गावात बोभाटा झाला आहे की तिला पुन्हा धरलं. त्यांच्या गाईला कोणी चरायला सोडू देत नाही.’

अरे, आम्ही इतकी शहाणी माणसं! संपादक, वकील, उपसंपादक, दिल्लीची समिती. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही एवढा मोठा निर्णय छापला होता, आणि त्यांनी त्यातलं एकच अक्षर वाचलं होतं, तो फोटो.

त्या दिवसांत माझी एकुलती एक मुलगी शोभा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा संपत आला होता. बायकोनं तिचं नाव मोठ्या दवाखान्यात घातलं होतं आणि दर आठवड्याला तिला तपासायला नेत होती. मी घरी म्हणालो, उद्या खैरबोडीला जातो, पेपर वाचून दाखवायला. शोभा म्हणाली, “बाबा, नीट हळूहळू वाचा. तुम्ही फार भरभर वाचता.”

ग्रामपंचायतीपुढच्या ओट्यावर पन्नास-साठ माणसं जमली. बाया कडेला. ताराचंदानं माझ्यासाठी खाट आणली, पण माझ्याशी बोलला नाही. गोपिका घराच्या दाराशी उभी होती. मी निर्णय वाचला. हळूहळू वाचला, प्रत्येक ओळ त्यांच्या भाषेत समजावून सांगितली.

मग एक म्हातारी पुढं आली. ही प्रयागबाई, जयवंताची सासू. तिनं माझ्या हातातला पेपर घेतला, उलटा धरला, सुलटा धरला.

“मांगंही असाच छापला होता,” ती म्हणाली. “तेव्हाही फोटो. आताही फोटो. तेव्हा खोटं छापलं म्हनता. मंग आता खरं छापलं हे कशावरून?”

“आजी, तेव्हाची चूक मी केली,” मी म्हणालो. “या हातानं. कौन्सिलनं नुसतं ‘पेपरनं’ असं लिहिलंय, पण पेपरला हात नसतात. तो फोटो मी काढून दिला. गोपिकेनं काही केलेलं नाही. मला पक्कं ठाऊक आहे.”

ती माझ्याकडं पाहत राहिली.

“हे खरं असन,” ती म्हणाली, “तर माया सुनेले मी मारलं. माया पोरानं दोनदा चपला घातल्या होत्या. मी दारात झोपली.” तिनं सगळ्यांकडं पाहिलं. “मी मारलं का वं तिले?”

कडेच्या बायांतली एक रडायला लागली. त्या म्हातारीला हे खोटंच हवं होतं; गोपिका दोषी असेल तरच तिला जगता येणार होतं, आणि मी ते तिच्याकडून काढून घ्यायला आलो होतो.

“तुम्ही नाही मारलं,” मी म्हणालो. “मी मारलं. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला.”

“मंग आता तुमी ठेवा,” प्रयागबाई म्हणाली. “तुमच्या घरी कोनी पोटुशी हाये का?”

मी खोटं बोलू शकलो नाही. “माझी मुलगी आहे. सातवा चालू आहे.”

“तिले आना इथं. गोपिकेच्या हातानं बाळंत करा. सारं गाव पाह्यन. मंग खरं मानू आमी. मीही मानीन, अन् मायं जे व्हायचं ते होईन.”

साठ माणसं माझ्या तोंडाकडं पाहायला लागली. एक शब्द पुरे होता. ‘आणतो.’ गोपिका निर्दोष आहे हे त्या ओट्यावर सगळ्यात पक्कं कोणाला ठाऊक असेल तर मला. आडवं मूल ती फिरवते हेही मला ठाऊक होतं. आणि माझ्या डोळ्यांपुढं आली ती शोभा, मग दवाखान्याचं कार्ड, मग तो पुराचा नाला, आणि तो शब्द मी उच्चारला नाही. तीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की छापलेल्यावर विश्वास ठेवा. माझ्यावर वेळ आली तेव्हा मीच ठेवत नव्हतो. भर दुपारी, साठ माणसांपुढं, मला माझीच ओळख पटेना.

लोकांत कुजबूज सुरू झाली. “पाह्यलं?” कोणीतरी म्हणालं.

“ते नाई आनू शकत तिले,” गोपिकेचा आवाज आला. ती दार सोडून ओट्यापाशी आली होती. “यायच्या पोरीचे पाय सुजले हायेत. मले सांगतलं यायनं आल्या आल्या. सुजलेल्या पायाची बाई मी हाती घेत नाई, तुमाले ठाऊक हाये. मीच पाठवतो अशीले दवाखान्यात. मीच नाई म्हनलं यायले.”

लोक तिच्याकडं पाहायला लागले. एक बाई म्हणाली, “हो, माया बहिनीले पाठवलं होतं हिनं कुहीले.” दुसरीनं मान हलवली. प्रयागबाईनं पेपरची घडी घातली, कमरेला खोचली आणि घराकडं गेली. तिला पटलं की नाही, मला समजलं नाही. माणसं एकेक करून उठली.

एसटीच्या थांब्यापर्यंत गोपिका माझ्यासोबत आली. तिथं मी विचारलं, “असं का सांगितलंत? मी तर तुम्हाला काहीच बोललो नव्हतो.”

“तुमचं तोंड पाह्यलं जी,” ती म्हणाली. “तुमी गप्प राह्यले. अजून थोडा वेळ गप्प राह्यले असते तर मी कायमची चोर ठरली असती. अन् तुमीही खोटे पडले असते.” मग तिनं हातानं डोळ्यांवर सावली धरून रस्त्याकडं पाहिलं. “गावातलं पुढचं बाळंतपन आता उन्हाळ्यात हाये, कोतवालाच्या घरचं. बोलावतीन का नाई, पाहू. तुमच्या पोरीले जपा. खरंच पाय सुजले तर उशीर नोका करू, त्याच दिवशी दाखवा.”

एसटी आली. मी चढलो, तिकीट काढलं आणि खिडकीशी बसलो.

घरी आल्याबरोबर मी चपला काढायच्या आधी शोभाला खुर्चीवर बसवलं आणि खाली वाकून तिचे पाय पाहिले. “काय झालं बाबा?” ती हसून म्हणाली. मी अंगठ्यानं दाबून पाहिलं, एकदा, दोनदा, दोन्ही पायांवर.

सूज अजिबात नव्हती.